गद्रेकाकांचा गोवर्धन

डॉक्टर गद्रे नव्या माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याची हनुवटी धरतात.

आम्ही डार्विनला उतरलो त्या दुपारी मी, मुग्धा आणि पेंगुळलेली अन्वी ट्रॉल्या ढकलत बाहेर आलो, तर इथल्या मराठी मंडळाच्या वतीने आम्हाला न्यायला एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या झुपकेदार भुवयांचे गृहस्थ उभे होते. हातात फुलं नाहीत, नावाची पाटी नाही. त्यांनी सरळ माझी हनुवटी चिमटीत धरली, माझं तोंड काचेच्या दाराकडे वळवलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "गवळी. डावीकडून तिसरा."

मी पुण्यातली बरी नोकरी सोडून गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर म्हणून आलो होतो. आल्या पावली कुणी गवळी म्हणेल, याची तयारी व्हिसाच्या कुठल्याच कागदाने करून घेतली नव्हती. गृहस्थ तोवर मुग्धाकडे वळले होते. "मनगट चांगलं आहे. ही काठी नीट धरेल." मग अन्वीकडे बघून त्यांनी मान हलवली. "हिचं नंतर. झोपेत चेहरा खरा नसतो."

"मम, हू इज धिस मॅन?" अन्वीने विचारलं. तो प्रश्न मलाही पडलेला होता.

गाडीत बसल्यावर कळलं, की ते इथल्या इस्पितळात रेडिओलॉजिस्ट आहेत, लग्न केलेलं नाही, एकटेच राहतात, आणि डार्विनला येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला एअरपोर्टवरून आणायचं काम त्यांनी कुणीही न सांगता स्वतःकडे घेतलेलं आहे. मी त्यांना घरभाड्याचं, शाळेचं, मगरींचं, व्हिसाचं असं सुचेल ते विचारत होतो. ते एकाही प्रश्नाचं धड उत्तर देत नव्हते. सिग्नलला गाडी थांबली की आरशातून माझ्या नाकाकडे बघत होते.

मी अस्वस्थ झालोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "दिवसभर मी माणसं आतून बघतो," ते म्हणाले. "आतून सगळी सारखी. संध्याकाळी जरा बाहेरून बघितली तर काय बिघडलं?"

गद्रेकाकांच्या डोक्यात युरोप आहे, पण आजचा नाही. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा, जेव्हा तिकडचे चित्रकार देवळांच्या भिंती रंगवत होते, पंडित जुन्या पोथ्या झटकत होते आणि धर्मगुरूंची झोप उडायला लागली होती, तो. त्यांना आजच्या पॅरिसचं काही सांगायला जाल तर ते जांभई देतील. फ्लॉरेन्सच्या गल्लीत तेव्हा चुना कुठून यायचा हे विचारा, तुमचं जेवण गार झालंच म्हणून समजा. गंमत म्हणजे ते इटलीला एकदाही गेलेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथे चित्रांपुढे फार माणसं उभी असतात."

"मग?"

"मग मी माणसंच बघत बसेन. तिकिटाचे पैसे वाया."

त्या काळच्या पंडितांचा एक बाणा मात्र त्यांनी जसाच्या तसा उचललाय. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, मूळ ग्रंथ उघडा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सकाळी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे फायदे टाकले, की 'सुप्रभात'च्या गुलाबांमधून काकांचा एकच शब्द वर येतो: 'मूळ?' कुणाला ते आवडत नाही, पण त्यांच्या धाकाने आमच्या ग्रुपवर निम्मा कचरा कमी आहे. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा यूट्यूबवरचे गुरुजी तिसऱ्या अध्यायात रंगात आले होते. काकांनी हात वर केला, गुरुजींना पॉज केलं आणि विचारलं, "ही ओळ मूळ संहितेत आहे का?" गुरुजी तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजलेले. दोन पोथ्या ताडून बघितल्याशिवाय काकांनी चौथा अध्याय सुरू होऊ दिला नाही. शिऱ्याला मुंग्या लागल्या त्या लागल्याच.

आता त्या गवळ्याचं सांगतो. काकांचं घर इथल्या जुन्या पद्धतीचं, खांबांवर उचललेलं. वर राहायचं, खाली गाडी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, वॉशिंग मशिन, आणि एका अंगाला सिमेंटच्या ठोकळ्यांची लांबलचक भिंत. घर भाड्याचं. मालक एक ग्रीक म्हातारे होते. भिंतीवर चित्र काढू का, असं काकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, देवाचं असेल तर खुशाल काढ. काकांनी गोवर्धन निवडला.

कृष्णाने करंगळीवर डोंगर उचलला आणि गोकुळातल्या लोकांनी खालून आपापल्या काठ्या लावल्या, ही गोष्ट आपल्याला पाळण्यापासून माहीत. काकांच्या भिंतीवर डोंगर आहे, काठ्या आहेत, माणसं आहेत. कृष्ण नाही. वरच्या कोपऱ्यात, तुळईच्या अगदी खाली, एक निळसर करंगळी आहे, बस.

"काका, देव कुठाय?" मी पहिल्यांदा बघितल्यावर विचारलं.

"डोंगर कुणी उचलला ते सगळ्यांना ठाऊक आहे," काका म्हणाले. "काठ्या कुणी लावल्या, त्यांचे चेहरे कुणी काढत नाही."

ते चेहरे सगळे आपल्या माणसांचे. त्या काळचे चित्रकार पुराणातल्या लोकांना आपल्या गावचे कपडे घालायचे आणि गर्दीत शेजारीपाजारी उभे करायचे, म्हणून काकांचे गवळी साइटवरच्या चमकत्या हाय-व्हिज जॅकेटात आणि सेफ्टी बुटांत आहेत. एका गवळणीच्या गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र लोंबतंय. नंदबाबा चक्क हाफ पँटमध्ये आहेत, आणि डार्विनच्या उकाड्यात ते मला सगळ्यात शहाणे वाटतात.

रंगवायची पद्धतही तिथलीच. आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर चुन्याचा ओला गिलावा चढवायचा आणि तो ओला आहे तोवर रंग लावायचा. गिलावा वाळताना रंग पोटात घेतो, मग तो पुसला जात नाही. उशीर झाला की खेळ खलास, तेवढा तुकडा खरवडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. म्हणून एका चेहऱ्याला एक अख्खा दिवस, आणि ज्याचा चेहरा त्याने तो दिवसभर समोर बसायचं. चुना महिनोन्‌महिने बादल्यांत मुरत पडलेला असतो. मंडळाचा खजिनदार पाटणकर, हा आयटीवाला आणि खाण्याचा शौकीन, एकदा "वा काका, चक्का!" म्हणून त्यात बोट घालणार होता. काका एवढ्या मोठ्याने ओरडले, की शेजारचा कुत्रा उरलेली दुपार गप्प होता. रंगांचीही तीच तऱ्हा. पुण्याहून आणलेला गेरू एअरपोर्टवर पकडला गेला. "इज इट सॉइल, मेट?" अधिकाऱ्याने विचारलं. नाही म्हणायचं सोडून काकांनी त्याला मातीपासून रंग कसा करतात ते पहिल्यापासून सांगितलं. गेरू गेला.

आमची खोकीही उघडून झाली नव्हती, तेव्हा पहिल्याच रविवारी मला बोलावणं आलं. मी नाक मुरडतच गेलो. घरात फर्निचर नाही, गादी नाही, आणि मी एका विक्षिप्त म्हाताऱ्यासमोर उपड्या बादलीवर गवळी म्हणून बसलो होतो. काका गिलावा थापत थापत विचारत होते. "हे नाक कुणाचं?"

"आजोबांचं."

"काय करायचे?"

आजोबा साताऱ्याला घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळ कानाला लावून डोळे मिटायचे, आणि आम्ही नातवंडांनी तेवढा वेळ श्वाससुद्धा घ्यायचा नाही असा दंडक होता. हे मी कित्येक वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी काकांनी पिठलं-भात वाढला आणि पुन्हा कुंचला उचलला. चार वाजेपर्यंत मी त्यांना हेही सांगून बसलो होतो, की विमानात अन्वी झोपल्यावर मला अचानक भीती वाटली, आपण काय करून बसलोय अशी. मुग्धालाही ते माहीत नव्हतं. परक्या देशात येणाऱ्याचे सगळेजण कागद बघतात. इतका वेळ माझ्या तोंडाकडे कुणीच बघितलं नव्हतं. घरी जाताना मला एकदम हलकं वाटलं, हे कबूल करतो.

संध्याकाळी मुग्धा बघायला आली. भिंतीवरच्या गवळ्याचं नाक आजोबांचं होतं आणि डोळे घाबरलेले. "अगदी तू," ती म्हणाली. मला राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या रविवारी ती बसली, त्याच्या पुढच्या रविवारी अन्वी. "आय डोन्ट इव्हन लाइक स्टिक्स," अशी तिची तक्रार होती, पण दिवस संपल्यावर ती निघायला तयार नव्हती.

पाटणकर मात्र भिंतीवर नव्हता. आमच्या कितीतरी आधीपासून तो डार्विनला आहे, मंडळ त्याच्याच खांद्यावर चालतं, आणि तरी त्याला काकांनी कधी बसवलं नाही. तो अधूनमधून विषय काढायचा, "काका, आमचा नंबर कधी?" काका त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "प्रश्न उजेडाचा आहे." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लग्न का केलं नाही, याचं उत्तरही तेच आहे.

मागच्या गणपतीला या दोघांची चांगलीच जुंपली. भिंतीचा मोठा फोटो छापून तो आरास म्हणून मूर्तीमागे लावायचा असं ठरलं होतं. बोलता बोलता काकांनी सांगितलं, की युरोपात देवाच्या चित्राला पैसे देणारा माणूस चित्राच्या कोपऱ्यात हात जोडून गुडघ्यांवर बसलेला दाखवायचे. पाटणकरचे डोळे चमकले. दोन दिवसांत ग्रुपवर जाहिरात आली: गोल्ड स्पॉन्सरचा फोटो करंगळीशेजारी, सिल्व्हरचा डोंगराखाली, आणि आरतीचा पहिला मान सगळ्यात मोठ्या देणगीदाराला.

काका पेटले. "हे तर पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकणं झालं!" मग आम्हाला सगळ्यांना गणपतीच्या हॉलच्या पार्किंगमध्ये उभं करून त्यांनी सांगितलं, की एकेकाळी तिकडे पैसे टाकले की पाप माफ झाल्याची चिठ्ठी मिळायची, आणि एका जर्मन साधूने चिडून आपले आक्षेप देवळाच्या दारावर ठोकले, त्यावरून सगळा युरोप दुभंगला. आमच्या हॉलच्या दारावर खिळा मारायला कौन्सिलची परवानगी नव्हती. काकांनी आपले आक्षेप सुंदर मोडी वळणाच्या देवनागरीत लिहिले आणि ब्लूटॅकच्या चिकट गोळ्यांनी चिकटवले. डार्विनच्या दमट हवेत ब्लूटॅक कितीसा टिकणार? गुरुवारच्या झुंबाच्या बायकांना कागद पायरीवर सापडला. त्यांच्यातल्या एकीने "लव्हली हँडरायटिंग" म्हणून तो फ्रिजवर लावायला घरी नेला. आमची धर्मसुधारणा एवढ्यावर आटोपली. पाटणकरने जाहिरात मागे घेतली, आरास दरवर्षीसारखी साड्यांची झाली, आणि पहिली आरती एका नर्सने केली, कारण तिला शिफ्टला जायचं होतं.

यंदा ग्रीक म्हातारे वारले. त्यांच्या मुलांनी घर विकायला काढलं आणि एजंटची ईमेल आली: महिनाअखेर घर रिकामं पाहिजे, आणि खालची भिंत 'न्यूट्रल', म्हणजे पांढरी करून पाहिजे.

त्याच आठवड्यात आमचं पीआर, म्हणजे देशात कायम राहायची परवानगी, आलं होतं. सिडनीतल्या पॅरामॅटाच्या एका ऑफिसात माझी नोकरीही पक्की झाली होती. ख्रिसमसच्या सुट्टीत निघायचं होतं. काकांना सांगायचं असं मी रोज ठरवत होतो, आणि रोज दुसरंच काहीतरी बोलून येत होतो. आता भिंतीची बातमी आल्यावर तर माझी जीभच उचलेना.

काका गप्प झाले. ग्रुपवर कुणीतरी लसणाचे फायदे टाकले, 'मूळ?' आलं नाही. कुणीतरी नासाने ओंकार ऐकल्याचं टाकलं, तरी शांतता. शेवटी एकाने केवळ काळजीपोटी कडुलिंबाने टक्कल जातं असं टाकून बघितलं. काका नाहीतच. मग मी उठून त्यांच्या घरी गेलो.

ते भिंतीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हवा पावसाच्या आधीची, अंगाला चिकटणारी. "ते सुधारक," त्यांनी मी बसायच्या आधीच सुरुवात केली, "चिठ्ठ्या बंद करा म्हणाले, मी त्यांच्या बाजूने. ग्रंथ लोकांच्या भाषेत आणा म्हणाले, मी त्यांच्या बाजूने. मग म्हणाले, चित्रं नकोत, आणि भिंती पांढऱ्या करत सुटले. तिथे आमचं फाटलं, निखिल."

मी एक उपडी बादली ओढून बसलो.

"पण त्यांच्याकडे चुना होता," ते म्हणाले. "चुन्याखाली भिंतीला श्वास घेता येतो. शेकडो वर्षांनी लोकांनी हलक्या हाताने तो खरवडला, तर खाली माणसं जशीच्या तशी. मारायला गेले आणि जपून ठेवून आले. हा आजचा प्लास्टिकचा रंग असता ना, ओल आत कोंडली असती आणि सगळं पोपड्यांबरोबर गळून पडलं असतं."

"म्हणजे तुम्ही चुना लावणार?"

"एजंटला पांढरी पाहिजे ना? पांढरी देऊ." त्यांनी बादल्यांकडे बोट केलं. "रविवारी. एकट्याने सावकाश करीन. कुणाला सांगू नकोस."

मी कुणाला सांगितलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण पाटणकरलाही काकांची काळजी वाटत होती. त्याने काकांना वगळून वेगळा ग्रुप काढला. काकांच्या हातून हे होणार नाही, त्यांना बघवणार नाही, तेव्हा शनिवारी ते इस्पितळात असताना आपण सगळे मिळून भिंत रंगवून टाकू. वर्किंग बी, म्हणजे श्रमदान, सरप्राइज, पोहे माझ्याकडून. मी साइटवर होतो. घरी येऊन अंघोळ करून फोन बघितला, तर फोटो आलेला: रोलर, ट्रे, आणि दोन मोठे डबे, 'धुता येणारा' प्लास्टिक रंग.

मुग्धाने गाडी चालवली. मी पाटणकरला फोन लावत राहिलो, पण रंग लावणारा माणूस फोन कुठला उचलतो? आम्ही पोचलो तेव्हा घराखाली मंडळाचे आठ-दहा लोक जमलेले, कुणी वर्तमानपत्रं पसरतंय, कुणी पोह्यांवर खोबरं घालतंय, आणि पाटणकर शिडीवर चढून भरलेला रोलर डोंगरावर फिरवतोय.

"पाट्या, थांब!"

"आधी पोहे घे रे," तो वरून म्हणाला.

मी शिडीच धरून हलवली. मुग्धाने ओढणी भिजवून डोंगरावरचा तो एक पट्टा पुसायला घेतला. नशीब, खाली नुसता खडक होता, चेहऱ्यांपर्यंत रोलर पोचला नव्हता. मी धापा टाकत चुन्याचं आणि प्लास्टिकचं सांगत होतो, कुणाला काही कळत नव्हतं, आणि त्या गोंधळात काकांची गाडी आत आली.

त्यांनी रोलर बघितला, डबे बघितले, पोहे बघितले. पाटणकर शिडीवरून उतरला. त्याच्या नाकावर पांढरा ठिपका होता.

"काका, तुमच्यासाठीच केलं," तो म्हणाला. "तुम्हाला त्रास नको म्हणून." काकांची नजर डब्यांवरून हटेना, तेव्हा त्याचा बांध फुटला. "आणि खरं सांगू? ही भिंत मला कधीच आवडली नाही. इतकी वर्षं मी इथे आहे. प्रत्येक गणपती मी आणला, प्रत्येक हॉल मी बुक केला. काल आलेला निखिल वर आहे, त्याची पोरगी वर आहे. मी काय इतका वाईट दिसतो?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी त्याच्या नाकावरचा रंग पुसला.

"तू इथे घर घेतलंस ना?"

"त्याचा काय संबंध?"

"दर बुधवारी माझे कचऱ्याचे बिन्स तू बाहेर काढतोस. गणपतीला तू असतोस, दिवाळीला तू असतोस. तुला भिंतीवर कशाला ठेवू? तू आहेस की."

मला समजायला क्षणभर लागला. मग मी भिंतीकडे बघितलं, आणि पहिल्यांदा नीट बघितलं. नंदबाबा झालेले जोशी आता मेलबर्नला, क्लेटनला असतात. ओळखपत्रवाली गवळण पर्थला गेली. तिच्या शेजारचे दोघे सिडनीला, त्यांच्या मागचा ब्रिस्बेनला. डार्विनसारख्या आडबाजूला राहिलं की पीआरला जास्तीचे पॉइंट मिळतात; आपले लोक इथे येतात ते या रीजनलच्या पॉइंटसाठी. कागद झाले की निघतात. त्या अख्ख्या गोकुळात डार्विनमध्ये राहणारं आता आम्हा तिघांशिवाय कुणी उरलं नव्हतं. काकांनी फक्त जाणाऱ्यांचे चेहरे काढले होते.

"तुझं कधी आहे?" काकांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "ख्रिसमसला," मी म्हणालो. "पॅरामॅटाला."

"चांगलं आहे. तिथे ट्रेन आहेत."

"काका, मी सांगणारच होतो. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. एअरपोर्टवरून येताना विचारलंस, पॉइंट किती दिवसांनी धरतात. सगळे तिथेच विचारतात."

"आणि मी गेलो नसतो तर?"

"तर तुझा तुकडा खरवडून काढला असता," काका म्हणाले. "आनंदाने. अजून एकही खरवडायची वेळ आलेली नाही."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. पाटणकर तर उघडच रडत होता. शेवटी त्यानेच नाक ओढून विचारलं, "चुना कसा लावायचा ते सांगा." काकांनी बादल्या उघडल्या, चुना दुधासारखा पातळ केला, आणि आम्हा सगळ्यांना एकेक कुंचला दिला. घासायचं नाही, नुसतं फिरवायचं. पाटणकरने सगळ्यात जास्त माणसांवर हात फिरवला, आणि प्रत्येकाला नावाने ओळखून.

चुन्याची एक खोड मला तेव्हा कळली. ओला असताना तो दिसतच नाही. लावल्यावरही सगळे चेहरे तसेच बघत होते, जरा धुक्यातून बघितल्यासारखे. वाळायला लागला की हळूहळू पांढरा होतो. काम संपलं, हात धुऊन झाले, पण कुणी निघेना. पाटणकरने वरून खुर्च्या आणल्या आणि आम्ही सगळे भिंतीसमोर बसलो. डार्विनच्या दमट हवेला एरवी आम्ही सगळे शिव्या घालतो. त्या दुपारी ती आणखी दमट असती तरी चाललं असतं.

आधी नंदबाबा गेले. मग ओळखपत्रवाली. एकेक जण जायला लागला तसे काका सांगत होते, हा पिठलं दोनदा मागून घ्यायचा, हिचे वडील पोस्टात होते, हा दिवसभर एक शब्द बोलला नाही आणि निघताना पाया पडला. त्यांना प्रत्येकाचा दिवस पाठ होता.

"काका, वेअर आर यू?" अन्वीने विचारलं. "इन द पिक्चर, आय मीन."

"मी? मी समोर होतो ना," काका म्हणाले. "रोज."

उन्हं कलली. अन्वी पांढरी झाली, मग मुग्धा. माझी बाजू नळाजवळची, तिथे ओल जास्त. मी एकटाच अजून काठी धरून उभा होतो.

"निखिल, आता तुम्ही निघा," काका म्हणाले.

"थांबतो की. अजून दिसतोय मी."

"म्हणूनच म्हणतोय." त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोन्हीकडून एकदम नको जाऊस."

मी उठलो. पाटणकरने आपली खुर्ची सरकवून काकांच्या खुर्चीला लावली. गाडीत बसताना मी मागे वळून बघितलं, तर दोघांची पाठ माझ्याकडे होती आणि काका अजून माझ्याकडेच बघत होते.